अ‍ॅनिमेचे इंग्रजी डब: कात्रीने जास्त बिघडवलं की भरण्याने?

गच्चीवरचा_अँटेना

अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, इंग्रजी डबचा विषय निघाला की चर्चा लगेच कापलेल्या दृश्यांवर येते. रक्त पुसलं, सिगारेट पुसली, थोबाडीत मारलेली काढली. अशा याद्या नेटवर ढिगाने आहेत, त्या पुन्हा इथे देत नाही. मला वेगळं काही म्हणायचं आहे आणि ते गेले कित्येक महिने डोक्यात घोळतंय. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून २००५-०६ पर्यंत अमेरिकेत जे डब झाले, त्यांत कात्रीने जेवढं नेलं त्याहून जास्त नुकसान वरून भरलेल्या मालाने केलं. भरलेलं संगीत, भरलेले संवाद, कधी कधी भरलेली आख्खी पात्रं.

सुरुवात 'गॅचामन'पासून करतो. तात्सुनोको स्टुडिओची १९७२ ची मालिका, १०५ भाग. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' गाजला, अंतराळ विकलं जातंय हे सगळ्यांना दिसलं आणि १९७८ मध्ये सँडी फ्रँक या निर्मात्याने हीच मालिका 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' म्हणून अमेरिकेत आणली. भाग झाले ८५. मूळ कथा पृथ्वीवरची, पण संवाद असे लिहिले की शहर पृथ्वीवरचं दिसत असलं तरी ते दुसऱ्याच कुठल्या ग्रहावरचं आहे. मारामारी आणि मृत्यू कापल्यावर प्रत्येक भागात भोकं पडली. ती बुजवायला अमेरिकेत नवं चित्रण करून सेव्हन-झार्क-सेव्हन नावाचा यंत्रमानव घातला. समुद्राखालच्या तळावर बसून तो प्रेक्षकांना कथा समजावतो आणि शहर आधीच रिकामं केलं होतं, कोणाला काही झालं नाही, असं सांगत राहतो. मूळ मालिकेत जिथे माणसं मेली आणि त्याचा भार नायकांवर आला, तिथे हा बडबड्या यंत्रमानव. कापलेलं दृश्य निदान जाणवत नाही, हा मात्र दर भागात समोर उभा!

'रोबोटेक' (१९८५) बद्दल माझं मत तुलनेने बरं आहे. अमेरिकेत स्थानिक वाहिन्यांना मालिका विकायची तर सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग, असे किमान १३ आठवडे पुरायला हवेत, म्हणजे ६५ भाग. 'माक्रॉस'चे होते ३६. मग कार्ल मासेकने एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या तीन मालिका ('माक्रॉस', 'सदर्न क्रॉस', 'मोस्पीडा') जोडून तीन पिढ्यांची एकच गोष्ट केली, ८५ भागांची. जोडकाम आहेच आणि जोड दिसतातही. पण रॉय फॉकर हा वैमानिक मरतो तो मरतोच. त्या काळच्या अमेरिकन मुलांच्या कार्टूनमध्ये हे जवळपास होतच नसे, आणि मासेकने ते राखलं याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

आता 'ड्रॅगन बॉल झी'. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण भरणा म्हणजे काय ते यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. १९९६ मध्ये फ्युनिमेशन आणि सबान या अमेरिकन कंपन्यांनी पहिले ६७ भाग कापून ५३ केले. आवाज व्हँकूव्हरच्या ओशन ग्रुपचे. व्हेजिटा आणि नाप्पा हे खलनायक पृथ्वीवर येतात ते भाग काढून बघा. शहराच्या इमारती उद्ध्वस्त होतात, आणि इंग्रजी नाप्पा म्हणतो, आज रविवार आहे, उद्या असतं तर इमारती भरलेल्या असत्या. पुढे आकाशात स्फोट होतो, माणसं जातात. चित्रात फक्त धूर. इंग्रजी तिएन ओरडतो की मला त्यांची पॅराशूट दिसतायत, ते सुखरूप आहेत. पडद्यावर एकही पॅराशूट नाही. इथे एक फ्रेमही कापावी लागली नाही, एका वाक्याने काम भागवलं. कोणी मेलं की ते 'पुढच्या मितीत' गेलं. गोकू सर्पमार्गावरून नरकात पडतो तेव्हा तिथल्या राक्षसांच्या बनियनवर इंग्रजीत 'हेल' लिहिलेलं आहे. 'ई' आणि पहिल्या 'एल'ची रंगरंगोटी करून तिथे 'एचएफआयएल' केलं आणि त्याचा अर्थ लावला 'होम फॉर इन्फिनिट लूझर्स'.

आणि संगीत. शुन्सुके किकुचींचं मूळ पार्श्वसंगीत थांबतं. दोन योद्धे समोरासमोर उभे असतात आणि बराच वेळ फक्त वारा वाहतो, दगड घरंगळतो. आधी शुकी लेव्हींच्या नावावरचं संगीत, आणि १९९९ पासून ब्रूस फॉकनर यांच्या चमूचं सिंथेसायझर-गिटार संगीत त्या जागी आलं आणि ते जवळपास थांबतच नाही. शांततेची जागाच शिल्लक राहिली नाही. मार बसणार आहे हे आधी कानाला कळतं आणि मग डोळ्याला. मूळ दिग्दर्शकाने ताण वाढवायला ठेवलेली ती दहा-पंधरा सेकंदं आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत.

फोर किड्स या अमेरिकन कंपनीच्या 'वन पीस'चं (२००४) एकच उदाहरण देतो. नायकाच्या चमूतल्या नामीची आई बेलमेर मुलींच्या डोळ्यांदेखत गोळी लागून मरते. समुद्री चाचा आर्लाँग गावात जिवाचे माणशी पैसे मागतो. स्वतःच्या जिवाचे पैसे न भरता मुलींचे भरते, म्हणून मरते. इंग्रजीत तिला कोठडीत टाकलं. म्हणजे नामी आठ वर्षं आर्लाँगसाठी नकाशे काढते, गाव विकत घ्यायला पैसा जमवते, दंडावरच्या आर्लाँगच्या खुणेवर सुरी चालवते, या सगळ्यामागचं कारणच पातळ झालं. चमूतल्या आचारी सान्जीच्या सिगारेटचा लॉलीपॉप केला, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. बेलमेरचं वाटतं, फार वाटतं.

तुमचं काय मत? आणि आवाज बदलण्याबद्दल स्वतंत्र बोलू, तो विषय वेगळा आहे.

---

आवाजी

धागा आवडला. मी मुंबईत डबिंगच्या संहिता लिहिते, इंग्रजी आणि जपानीवरून हिंदी. जपानी मला येत नाही, भाषांतर हातात येतं आणि ते मी तोंडात बसवते. म्हणून आतल्या बाजूचं थोडं.

संगीत का बदलतात याचं एक कारण फार साधं असतं. डबसाठी मूळ निर्मात्याकडून 'एम अँड ई' ट्रॅक लागतो, म्हणजे संवाद वगळून फक्त संगीत आणि आवाज. पावलं, दार, तलवार, पाऊस, सगळं त्यात. तो नीट मिळाला तर आपण फक्त माणसांचे आवाज भरायचे. जुन्या मालिकांत बऱ्याचदा तो नसतोच, किंवा अर्धवट असतो. मग संवाद काढायचा म्हणजे त्याच्याखालचं संगीतही जातं आणि सगळं नव्याने करावं लागतं. दुसरं कारण पैशाचं. नवं संगीत करून घेतलं की त्याचे हक्क करून घेणाऱ्याकडे, आणि मालिका जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा स्वामित्वधन. ज्यांनी मालिका विकत घेतली त्यांना हा मोह होणारच.

आता ओठ. चित्रपटाच्या डबिंगला आमची खरी परीक्षा ओष्ठ्य वर्णांची. प-फ-ब-भ-म ला माणसाचे ओठ मिटतात, कॅमेरा जवळ असेल तर तिथे 'म'च्या जागी 'क' चालत नाही. टीव्हीच्या अ‍ॅनिमेत साधारण तीनच तोंडं काढलेली असतात: बंद, अर्धं उघडं, उघडं. त्यामुळे अक्षर कुठलं हे कोणी बघत नाही, उघडझाप किती वेळा आणि कधी थांबली एवढंच बघतात. ऐकायला सोपं वाटतं ना? पण जपानी वाक्य संपतं तिथे तोंड मिटतं आणि आपलं क्रियापद अजून यायचं असतं. मग 'तर', 'समजलं?', 'बघच तू' असलं काहीतरी जोडायचं किंवा वाक्य मुळापासून फिरवायचं. इंग्रजीवाल्यांनाही हाच त्रास. तुम्ही ज्याला भरलेले संवाद म्हणता त्यातले सगळे मुद्दाम नसतात, काही तोंड अजून हलतंय म्हणून आलेले असतात. पण पात्र पाठमोरं असताना, तोंड दिसतही नसताना घातलेलं वाक्य मात्र शंभर टक्के मुद्दाम! तिथे लिहिणाऱ्याला रान मोकळं असतं. तुम्ही जुने भाग पुन्हा बघाल तेव्हा पाठमोऱ्या जागा बघा, सगळे खुलासे तिथे सापडतील.

आणखी एक फरक. जपानमध्ये मालिकेतले कलाकार शक्यतो एकाच खोलीत उभे राहतात, तीन-चार माईक, हातात संहिता, आपली पाळी आली की पुढे यायचं, पानाचा आवाज होऊ न देता मागे जायचं. समोरच्याचं रडणं प्रत्यक्ष ऐकून तुम्ही बोलता. अमेरिकेत कलाकार एकटा. कानात तीन बीप, चौथा मनातल्या मनात धरायचा आणि बोलायचं. समोरचा माणूस तीन आठवड्यांनी येणार असतो. आमच्याकडेही आता तसंच. मारामारीच्या किंकाळ्या सत्राच्या शेवटी ठेवतात, कारण त्यानंतर घसा कामाचा राहत नाही.

---

निनाद७

अँटेना, लिहिलंय छान पण मला पटलं नाही.

फॉकनरचं संगीत वाईट, हे तुमचं मत आहे, निर्णय नाही. आमच्या वयाच्या कितीतरी पोरांना व्हेजिटा म्हटलं की तीच धून आठवते. मी किकुची नंतर ऐकले, पुष्कळ आवडले, पण भविष्यातला ट्रंक्स पहिल्यांदा येतो आणि फ्रीझाचे तुकडे करतो, तिथे मला अजूनही अमेरिकन आवृत्तीच लागते. शांतता मोठी गोष्ट आहे हे मान्य. पण शाळेतून येऊन दप्तर टाकून टीव्ही लावणाऱ्या पोराला त्या आवाजानेच जागेवर बसवलं.

दुसरं असं की या डबशिवाय ही मालिका आपल्यापर्यंत आली असती का? मूळ जपानी आवृत्ती भारतातल्या केबलवर कोण लावणार होतं? 'पोकेमॉन' आपल्याकडे हिंदीत आलं तेव्हा ऍश, मिस्टी, ब्रॉकच आले. सातोशी, कासुमी, ताकेशी कोणाला माहीत होते? म्हणजे हिंदी डब अमेरिकन डबच्या खांद्यावर उभा होता. त्यांनी ओनिगिरीला जेलीचे डोनट म्हटलं, हो, भाताचा गोळा समोर दिसत असताना म्हटलं, आणि ते हास्यास्पदच आहे. पण त्यांनी मालिका पोचवलीही.

---

मुग्धा_टोरांटो

माझं बालपण स्कारबरोत गेलं, घरात मराठी, बाहेर इंग्रजी, आणि शाळेतून आल्यावर 'सेलर मून'. डब इथेच टोरांटोत झाला होता हे मला फार उशिरा कळलं. डीक कंपनीचा डब, १९९५. नायिका उसागीची सेरेना, मामोरूचा डेरियन, माकोतोची लीटा. पहिली खेप ६५ भागांची, अँटेना यांनी वर सांगितलेला तोच आकडा. पुढचे भाग थांबले तेव्हा चाहत्यांनी 'सेव्ह अवर सेलर्स' नावाची मोहीम काढली. बहिष्काराच्या उलट, म्हणजे जाहिरातदाराचा माल ठरवून एकाच दिवशी विकत घ्यायचा. त्यांनी पॉप-टार्ट्स घेतले. नंतर आणखी १७ भाग आले, ते पहिल्यांदा इथे वायटीव्ही वाहिनीवर लागले, १९९७ मध्ये.

मला जे सगळ्यात जास्त लागलं ते सांगते. पहिल्या पर्वाच्या शेवटी उत्तर ध्रुवावर चारही मैत्रिणी एकेक करून उसागीसाठी जीव देतात आणि ती एकटी उरते. मूळ मालिकेत हे दोन भागांत होतं. डीकने दोन्हींचा एक भाग केला आणि मैत्रिणी मेल्या नाहीत, शत्रूने पकडल्या आहेत, असं केलं. मग सेरेना इतकी का रडतेय? लहानपणी मला ती रडूबाई वाटायची. मालिका तसं म्हणायचीही, आणि शेवटी 'सेलर सेज'मध्ये आम्हाला बोध करायची. मूळ भाग बघितल्यावर कळलं की चौदा वर्षांच्या मुलीने चार मृत्यू एका रात्रीत बघितले होते आणि तरी ती उठून पुढे गेली होती. माझ्याकडून ती मुलगी हिरावली गेली असं मला खरंच वाटतं.

आणि नाती. झोईसाइट आणि कुन्झाइट हे दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतात, तर झोईसाइटला बाईचा आवाज देऊन बाई केलं. २००० मध्ये क्लोव्हरवे कंपनीने पुढची पर्वं केली तेव्हा हारुका आणि मिचिरू या जोडप्याला चुलतबहिणी केलं. चित्रं तीच. एकमेकींकडे बघणं तेच. हात हातात तसेच. बहिणी सांगितल्यामुळे सगळा प्रकार भलताच झाला. लपवायचं होतं त्याहून विचित्र काहीतरी दाखवून बसले. अँटेना, तुमचा भरण्याचा मुद्दा मला इथे शंभर टक्के पटतो.

सेरेनाचे आवाजही बदलले. ट्रेसी मूर, मग टेरी हॉक्स, मग लिंडा बॅलन्टाइन. लहानपणी दुसऱ्या आवाजाची सवय होईपर्यंत मी नुसती चिडचिड करायचे.

---

सांगलीकर

वाचतोय. मला या मालिकांतलं फारसं कळत नाही, मुलगी बघते म्हणून सोबत बसतो. एक शंका: आवाज गाजलेला असताना मध्येच बदलतात का? आपल्याकडे नाटकात बदली कलाकार येतो तेव्हा त्याची जाहिरात तरी करतात.

---

गच्चीवरचा_अँटेना

सांगलीकरकाका, तोच पुढचा विषय. कारणं बहुतेक वेळा गोष्टीच्या बाहेरची असतात, करार आणि पैसा.

'ड्रॅगन बॉल झी'चं बघा. १९९८ मध्ये सबानशी असलेला करार संपला. व्हँकूव्हरचं स्टुडिओभाडं आणि मानधन एकट्या फ्युनिमेशनला झेपेना. त्यांनी टेक्सासमध्ये, आपल्याच गावात, स्थानिक कलाकार घेऊन काम सुरू केलं. नामेक ग्रहावर गिन्यू तुकडीशी लढाई ऐन रंगात आलेली, आणि १९९९ मध्ये पुढचा भाग लागला तेव्हा गोकू, व्हेजिटा, गोहान, सगळ्यांचे आवाज वेगळे! शॉन शेमेल, क्रिस्टोफर सबाट ही मंडळी तेव्हा नवखी. त्यांना आधीच्या आवाजांच्या जवळ जायला सांगितलं होतं, आणि त्या नकलेत त्यांचं स्वतःचं काही यायला बराच काळ गेला. फ्रीझाचे भाग आणि नंतरचे बूचे भाग लागोपाठ ऐका, सबाटचा व्हेजिटा कसा तयार होत गेला ते कळतं. २००५ मध्ये त्यांनी पहिले ६७ भाग न कापता पुन्हा स्वतःच्या आवाजात केले. आज अमेरिकेत गोकू म्हणजे शेमेलच. जपानमध्ये मात्र मासाको नोझावा १९८६ पासून गोकू आहेत, आणि गोहान आणि गोतेनही त्याच.

'पोकेमॉन'मध्ये २००६ ला तसंच झालं. हक्क फोर किड्सकडून परत गेले, नव्या व्यवस्थेत खर्च कमी करायचा म्हणून आख्खा संच बदलला. व्हेरॉनिका टेलरच्या जागी सारा नाटोचेनी आली आणि ती २०२३ पर्यंत, ऍशची गोष्ट संपेपर्यंत राहिली. एकच आवाज दोन्हीकडे आधीपासून आणि नंतरही तोच होता, पिकाचूचा. इकुए ओतानींचा जपानी आवाज इंग्रजीतही ठेवतात. मिस्टी आणि जेसी दोन्ही करणाऱ्या रेचल लिलिस २०२४ च्या ऑगस्टमध्ये गेल्या, तेव्हा लोकांनी जे लिहिलं ते वाचून कळलं की बदलून अठरा वर्षं झाली तरी आवाज विसरला गेला नव्हता.

अगदी अलीकडचं उदाहरण 'मॉब सायको १००'चं. २०२२ मध्ये तिसरं पर्व आलं तेव्हा नायकाचा आवाज काइल मकार्ली याने सांगितलं की हे पर्व मी युनियनच्या कराराशिवायही करतो, पण पुढच्या कामांसाठी क्रंचीरोल या अ‍ॅनिमे दाखवणाऱ्या कंपनीने कलाकारांच्या युनियनशी एकदा बोलणी करावीत. ते झालं नाही आणि आवाज बदलला. म्हणजे एकेकाळी रक्त दिसू नये म्हणून लोक भांडत होते, आता कलाकाराला काय मिळतं यावर भांडण आहे. हे भांडण मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

'इव्हँजेलियन'चा २०१९ चा नेटफ्लिक्स डब मी मुद्दाम वेगळा ठेवतो. तिथे आवाजही सगळे बदलले, संहिताही नव्याने केली, आणि प्रत्येक भागाच्या शेवटचं 'फ्लाय मी टु द मून' हक्कांमुळे गेलं. त्या गाण्याच्या जागी आलेला पियानो वाईट नाही, पण इतक्या अवघड भागानंतर ते हलकं गाणं येणं हा मूळ रचनेचा भाग होता.

निनाद, तुझ्याशी अर्धा सहमत. ट्रंक्सचं दृश्य फॉकनरसकट चांगलं आहे. माझा आक्षेप एका दृश्याला नाही, सलग दोनशे भाग कान रिकामा न ठेवण्याला आहे. आणि "पोचवलं" हे खरं असलं तरी पोचवण्यासाठी तिएनला पॅराशूट दिसायलाच हवी होती का? अमेरिकन टीव्हीवर पुढे बरंच काही न झाकता लागलं आणि मुलं बघतच होती.

---

तिसरी_घंटा

सगळं खापर अमेरिकेवर फोडू नका एवढंच सांगायला आले.

'वन पीस'च्या मंगात, म्हणजे मूळ चित्रकथेत, सान्जीला वाढवणारा झेफ उपासमारीत स्वतःचा पाय खातो. सगळं अन्न सान्जीला दिलेलं असतं म्हणून. तोएई स्टुडिओने जपानी अ‍ॅनिमेतच ते बदललं, सान्जीला वाचवताना पाय जातो असं केलं. म्हणजे त्या जागेची पहिली कात्री जपानमधलीच. 'काउबॉय बीबॉप' १९९८ मध्ये तोक्यो टीव्हीवर लागली तेव्हा २६ पैकी निवडक भागच दाखवले, संपूर्ण मालिका नंतर वावाउ वाहिनीवर आली. आणि हीच मालिका इंग्रजीत बघा. स्टीव्ह ब्लमचा स्पाइक, मेरी एलिझाबेथ मॅकग्लिनचं दिग्दर्शन. अनेक जण जपानीपेक्षा तोच डब पसंत करतात आणि मीही त्यातलीच. योको कान्नोंच्या संगीताला कोणी हात लावला नाही, संवाद सैल, बोलीतले. चांगला डब होऊ शकतो याचा हा पुरावा आहे, आणि या धाग्यात त्याचं नाव अजून आलं नव्हतं.

दिग्दर्शक मियाझाकींचंही सांगायला हवं. 'नाउसिका' १९८५ मध्ये अमेरिकेत 'वॉरियर्स ऑफ द विंड' म्हणून आला, वीसेक मिनिटं कापून, राजकन्येचं नाव झँड्रा करून. ते इतकं झोंबलं की पुढे डिस्नेशी करार करताना न कापण्याची अटच घातली. 'मोनोनोके'च्या वेळी अमेरिकन वितरक हार्वी वाइनस्टीन कापायच्या मागे होता, तेव्हा निर्माते तोशिओ सुझुकींनी त्याला एक तलवार भेट दिली, सोबत निरोप: कापाकापी नाही. तो चित्रपट १९९९ मध्ये अखंड लागला.

---

रानफूल

आपल्या दारातलं उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून लिहिते. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी केलेलं जपानी-भारतीय 'रामायण'. १९९२-९३ चा चित्रपट. आधी इंग्रजीतच केला होता, भारतीय कलाकारांच्या आवाजात. मग हिंदी: रामाला अरुण गोविल, रावणाला अमरीश पुरी, निवेदनाला शत्रुघ्न सिन्हा. टीव्हीवर लागायचा तेव्हा आमच्या वाड्यात दार उघडं ठेवून सगळे बघायचे.

हा चित्रपट पुढे अमेरिकेसाठी पुन्हा इंग्रजीत डब झाला! इंग्रजी आवृत्ती हातात असताना. 'प्रिन्स ऑफ लाइट' नावाने. रामाचा आवाज ब्रायन क्रॅन्स्टन, निवेदक जेम्स अर्ल जोन्स. लांबी कापली आणि वनराज भाटियांच्या संगीताच्या जागी दुसरं संगीत घातलं. अँटेनाने वर जे तीन भाग पाडलेत, कापणं, भरणं आणि आवाज बदलणं, ते तिन्ही एकाच चित्रपटात, आणि तेही भाषा न बदलता. भारतीय उच्चार अमेरिकन प्रेक्षकांना चालणार नाहीत असं कुणीतरी ठरवलं असणार, मला तरी दुसरं कारण दिसत नाही. वनराज भाटियांचं काम काढलं याचा मला मनापासून राग आहे. संस्कृत रचना होत्या त्यात. २०२५ च्या जानेवारीत चित्रपट आपल्याकडे थिएटरात लागला तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या आजी त्या रचनांबरोबर पुटपुटत होत्या.

उलटं उदाहरण 'मोगली'चं. निप्पॉन अ‍ॅनिमेशनची मालिका, दूरदर्शनवर हिंदीत. गुलजार-विशाल भारद्वाज यांचं शीर्षकगीत हा पूर्णपणे भरलेला माल, मूळ जपानीत त्याचा पत्ता नाही. पण गाणं सुरुवातीला येतं आणि संपतं, गोष्टीत लुडबुड करत नाही. आणि शेरखान म्हणजे नाना पाटेकर. तो आवाज बदलून दाखवा कुणी!

---

आवाजी

रानफूल, तुमचं 'मोगली'चं निरीक्षण मला फार पटलं. शीर्षकगीताची जागा मोकळी असते, ती प्रत्येक देशाने आपापल्या परीने भरावी. भागाच्या आत शिरलं की भान ठेवायला हवं. आम्हाला वाहिनीकडून कधी कधी सूचना येते, "इथे शांत आहे, काहीतरी टाका." दोन सेकंदही प्रेक्षक थांबणार नाही ही भीती. मी शक्य तिथे हुंकार टाकते, श्वास टाकते, वाक्य टाकत नाही. दरवेळी जमतं असं नाही, पण भांडते.

---

सांगलीकर

माहितीबद्दल सगळ्यांचे आभार. मुलगी नऊ वर्षांची आहे. 'सेलर मून' आणि 'कार्डकॅप्टर' दोन्ही बघायची म्हणतेय. कुठली आवृत्ती लावून देऊ?

---

मुग्धा_टोरांटो

काका, 'सेलर मून' व्हिझ कंपनीचा डब, २०१४ पासूनचा. सगळे २०० भाग न कापता केलेत, नावं मूळची, उसागीला स्टेफनी शे. तुम्ही सोबत बसता म्हणालात, तर पहिल्या पर्वाचे शेवटचे दोन भाग नक्की सोबत बघा, ती रडेल.

'कार्डकॅप्टर'ला एक काळजी घ्या. नेल्व्हाना कंपनीची 'कार्डकॅप्टर्स' नको. अमेरिकन वाहिनीला मुलगे प्रेक्षक हवे होते म्हणून त्यांनी ती आठव्या भागापासून सुरू केली, जिथे शाओरान हा मुलगा येतो, आणि ७० पैकी ३९ भागच दाखवले. साकुराच्या नावाची मालिका आणि साकुराची सुरुवातच गायब. 'कार्डकॅप्टर साकुरा' हे पूर्ण नाव असलेली, ७० भागांची बघा आणि पहिल्या भागापासून लावा. जपानी आवाज आणि इंग्रजी उपशीर्षकं तिला वाचता येत असतील तर तीच लावा, नसतील तर पहिले काही भाग तुम्ही वाचून दाखवा.

---

गच्चीवरचा_अँटेना

मुग्धाने सांगितलंय त्यात भर घालण्यासारखं काही नाही. 'ड्रॅगन बॉल' मागितलं तर 'काई' लावा (२००९ पासूनची, मूळ 'झी'ची आटोपशीर आवृत्ती), आणि ऑडिओ जपानी करून ठेवा. आवाजी, तुम्ही त्या "काहीतरी टाका" वाल्या सूचनांबद्दल स्वतंत्र धागा काढाल का? कुठल्या जागी वाचवलं आणि कुठे हरलात, असं दोन्ही वाचायचं आहे.